जनरेटरचा डीपीएफ सारखा चोक होतोय? आधी लोड तपासा

लिंबायत (सुरत) : धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या कितीतरी कुटुंबांचं पोट इथे लूम आणि एम्ब्रॉयडरी मशीनवर चालतं. लाइट गेली की भरवसा डिझेल जनरेटरचा. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनरेटरना सीपीसीबी-४ प्लस नियम लागू आहेत. त्यामुळे काही सेटमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर येतो.

धूर पुरेसा गरम झाला की अडलेली काजळी आतच जळते. याला रीजनरेशन म्हणतात. ते झालं नाही की फिल्टर तुंबतो, इंजिनची ताकद घटते, डिझेल जास्त लागतं आणि शेवटी सेट बंद पडतो. महागडा फिल्टर बदलण्याआधी हे क्रमाने तपासा :

१. लोड : मोठा सेट आणि चालू मशीन दोन-चारच, असं आहे का? क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांखाली सेट तासन्‌तास चालला तर धूर तापतच नाही. तुंबण्याचं हे नेहमीचं कारण.

२. स्विच : रीजनरेशन थांबवणारं बटण कुणी दाबून तर ठेवलेलं नाही?

३. सेन्सरच्या नळ्या : फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या फुटल्या किंवा भरल्या, तर फिल्टर चांगला असूनही लाल दिवा लागतो.

४. एअर फिल्टर : सुताचा भुस्सा बसला की हवा कमी पडते आणि काजळी वाढते.

५. इंजेक्टर, टर्बो, ऑइल : गळका इंजेक्टर किंवा ऑइल सोडणारा टर्बो असेल, तर नवा फिल्टरही पुन्हा भरेल. ऑइल कंपनीने सांगितलेलं, कमी राख करणारंच वापरा.

सगळं ठीक असेल तर मॅन्युअलप्रमाणे रीजनरेशन लावा. त्या वेळी धूर ६०० अंशांच्या आसपास तापतो. म्हणून नळीजवळ चिंध्या, सूत, डिझेलचे डबे ठेवू नका. दिवा लगेच परत लागला, तर आत ऑइलची राख साचली असण्याची शक्यता आहे. राख जळत नाही; फिल्टर उतरवून मशीनवर साफ करावा लागतो.

सळई घालणं, पाण्याचा प्रेशर मारणं टाळा. आतलं सिरॅमिक फुटतं. नळीतून काळा धूर दिसू लागला, तर फिल्टर तडकला असावा. फिल्टर काढून सेट चालवला तर तीच काजळी दाट वस्तीतल्या घरांत शिरते. आणि फिल्टर असला तरी बंद खोलीत जनरेटर चालवू नये; विषारी कार्बन मोनॉक्साइडचा धोका राहतोच.