काटकसर कुणाच्या ताटातली?



मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "काटकसरीची आहे ना?" मुलाला हा प्रश्न विचारल्याचं आमच्या ऐकण्यात नाही. काटकसर हा बाईचा दागिना मानला गेला, पण त्या दागिन्याचं वजन किती, हे कुणी काट्यावर घालून पाहिलं नाही. बचत गटांच्या समन्वयक म्हणून आम्ही गावोगाव फिरतो आणि दर बैठकीला "पैसे कसे वाचवायचे" हाच विषय निघतो. म्हणून आज जरा मागे जाऊ. थोडक्यात घर भागवायच्या ज्या सवयी आपल्या आज्या-पणज्यांनी लावल्या, त्यांतल्या कुठल्या कामाच्या आणि कुठल्या मोडीत काढायच्या, ते पाहू.

कापडापासून सुरुवात करू. नऊवारी लुगडं आधी विरतं ते मधल्या भागात, बसण्या-उठण्याच्या जागी. मग बाया ते आडवं फाडत, विरलेला भाग काढून टाकत आणि उरलेले दोन धड तुकडे जोडून शिवत. या जोडाला म्हणायचं दंड. दंड घातलेलं लुगडं पुढे बरेच दिवस चालायचं. लग्नाकार्यात ते नेसायची लाज वाटायची, तो भाग वेगळा. दंडाचंही आयुष्य संपलं की मऊ झालेल्या भागाची बाळाची दुपटी व्हायची. बाकीचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं गोधडी शिवायची. गोधडी फाटली तर तिलाच पोटात घेऊन वरून दुसरं जुनेर लावायचं. त्यातूनही उरलेल्या चिंध्या सारवायच्या पोतेऱ्याला जायच्या. आज दुकानात गोधडी हजारांत विकली जाते. विकणाऱ्याला तिची किंमत कळली, ही गोष्ट चांगलीच आहे.

धान्याची तऱ्हा याहून शहाणपणाची. ज्यांच्याकडे जास्त पिकायचं ते पेव करायचे. जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान आणि पोट मोठं. आतून कोरडा करायचा, तळाला आणि कडेनं भुसकट लावायचं, धान्य भरून वरून माती लिंपायची. आत हवा उरत नाही, त्यामुळे कीड जगत नाही. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, हा दंडक होता. आधी पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर माणूसही टिकणार नाही, हे ज्ञान शाळेत न गेलेल्यांना होतं. लहान घरात कणगी असे, शेणामातीनं लिंपलेली. कडधान्याला राख चोळायची, धान्यात कडुनिंबाचा पाला घालायचा. सगळ्यात जपायचं ते बियाणं. ते बहुतेक घरांत बाईच्या ताब्यात असायचं, उतरंडीच्या कुठल्या मडक्यात काय आहे ते तिलाच ठाऊक.

कुरडया तर आपण अजून करतो. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा. चीक काढल्यावर जो चोथा उरतो त्यात तिखट, मीठ, जिरं घालून भुसवड्या करायच्या. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते असं. जिरायती भागात हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या, पावसाळ्यात तांदुळजा, कुरडू, पाथरी, घोळ अशा रानातल्या भाज्या. यांतलं बरंचसं पैसे न लागता मिळायचं आणि अंगाला लागायचं. त्याला गरिबाचं अन्न म्हणून नाक मुरडलं गेलं आणि पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा आला. ही अदलाबदल आम्हाला तोट्याची वाटते.

तिसरी सवय माणसांची. नांगरटीला बैल कमी पडले की गावातले शेतकरी आपापले बैल घेऊन एकाच्या रानात यायचे, त्याला इर्जिक म्हणत. मजुरी नाही, रान ज्याचं त्यानं जेवण घालायचं. खुरपणीला बाया सावड करायच्या, आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. रोख पैसा न काढता काम उरकायची ही रीत होती. गप्पा आणि गाणी व्हायची ती वेगळीच.

आता दुसरी बाजू. या तिन्ही सवयींत वस्तू पुरवून वापरली आहे, किंवा हात एकमेकांना दिले आहेत. चौथी एक सवय आहे, ती कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात लिहिलेली नसते. आधी पुरुष जेवणार, मग पोरं, मग म्हातारी माणसं, आणि टोपल्यात उरेल ते घरची बाई खाणार. कमी पडलं तर पाणी पिऊन उठणार. यालाही काटकसरच म्हटलं गेलं, आणि दंड घालणारी व उपाशी उठणारी या दोघींचं कौतुक एकाच तोंडानं झालं. आमच्या मते घोळ झाला तो इथे.

हा घोळ फक्त घरातला नाही. सरकारनंही तो केलेला आहे.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला, कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत पसरलं. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात आहेत. साहेब लोकांत तेव्हा एक बोलणं रूढ होतं, की हे शेतकरी लग्नात आणि सणावारात पैसा उधळतात म्हणून कर्जात बुडतात. पुढे चौकशीला आयोग नेमला. त्या आयोगानं हिशेब तपासून म्हटलं, की लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. पिकाचा भरवसा नाही, शेतसारा रोखीत आणि ठरल्या वेळी भरायचा, वर व्याजावर व्याज. गरीब माणूस उधळ्या आहे हा आरोप दीडशे वर्षांपूर्वीच तपासला गेला होता. तरी अजून आपल्याकडे कर्ज थकलं की पहिला प्रश्न येतो, "मोबाइल कशाला घेतला?"

याचा अर्थ लग्नात उधळपट्टी नसते असा नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं डिसेंबर १८७३ मध्ये पहिलं सत्यशोधक लग्न लावलं. भटजीशिवाय आणि नावापुरत्या खर्चात. ही खरी काटकसर, कारण तिनं मुलीच्या बापाच्या मानेवरचं ओझं उतरवलं आणि कुणाचं पोट मारलं नाही.

दंगे झाले आणि पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६-७७ चा दुष्काळ दख्खनमध्ये भयानक होता. सरकारनं दुष्काळी कामं काढली, रस्ते, तळी, खडी फोडणं. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल हे अधिकारी पाहणीला आले. या टेंपलनीच तीन वर्षं आधी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून माणसं वाचवली होती, आणि फार खर्च केला म्हणून त्यांनाच बोल बसले होते. या वेळी त्यांनी खर्च आखडता घेतला. कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडीशी चिल्लर, असा दर ठरवला. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला इतकंच. भाजी, डाळ, मीठ, सरपण सगळं त्या चिल्लरीत. मैत्रिणींनो, हा हिशेब आपल्याला ओळखीचा वाटतो. फक्त इथे टोपल्यापाशी सासूऐवजी सरकार बसलं होतं.

मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी हे मुकाट्यानं घेतलं नाही. हजारो लोकांनी काम सोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेऊन सरकारला अर्ज केले, सार्वजनिक काकांनी म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी हे प्रकरण लावून धरलं. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले जुन्नर भागात दुष्काळाच्या कामात होत्या. एप्रिलमध्ये ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाचे हाल आहेत आणि सावकारांचा जाचही आहे. उपाशी माणसाला काटकसर शिकवायला त्या गेल्या नव्हत्या. सत्यशोधकांनी भुकेल्यांसाठी अन्नाची सोय केली, धनकवडीला पोरांसाठी बालाश्रम काढला.

आता जवळचा दुष्काळ, १९७२ चा. तो बघितलेल्या बाया अजून गावात आहेत. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, तिची भाकरी थापताना मोडायची हे त्या आजही सांगतात. कामावर सुकडी मिळायची. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती आणि त्यांत बाया फार मोठ्या संख्येनं होत्या. आपल्याकडे बहात्तरची आठवण निघाली की "तेव्हा कसं भागवलं" एवढंच बोललं जातं. पण त्या वर्षी भागलं ते घरातल्या काटकसरीनं नव्हे. चुलीत घालायला आणि तव्यावर टाकायलाच काही नसेल तर बाई वाचवणार काय? भागलं ते काम मिळालं म्हणून आणि मजुरीचा पैसा बाईच्या हातात पडला म्हणून. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी याच काळात आकाराला आली. १९७५ पासून नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, तो या योजनेच्या खर्चासाठी. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारातून थोडं काढून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, असा हा कायदा होता.

मुंबईत त्याच १९७२ साली बायांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. तेल, साखर, रॉकेल, धान्य यांचे भाव आणि साठेबाजी यांविरुद्ध घरच्या बाया लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. ज्या हातानं तेलाची धार मोजून सोडायची, त्याच हातात लाटणं होतं. काटकसरीच्या इतिहासात लाटणं मोर्चाचं पान घातलं पाहिजे असं आम्हाला वाटतं, कारण भाव दुप्पट झाला तर कितीही मोजून धार सोडली तरी बुधला रिकामाच होतो.

आता आपल्या गटांकडे येऊ. आठवड्याची बचत ठरवताना आम्ही आता एक प्रश्न विचारायला लागलो आहोत, हे पैसे कशातून निघाले? सुरुवातीला बाया हसतात. मग एखादी सांगते, दुपारचं जेवण सोडलं. दुसरी सांगते, लोहाच्या गोळ्या संपल्या त्या आणायला गेले नाही, एसटीचं भाडं वाचवलं. राज्यात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतलं चित्र आहे. वहीत जमा दिसणारे असले पन्नास रुपये पुढे दवाखान्यात व्याजासकट जातात.

म्हणून काही गटांनी वेगळी वाट धरली आहे. डाळ, तेल, शेंगदाणे दहा जणींनी मिळून घाऊक आणायचे आणि घरी मापून वाटून घ्यायचे. ही सावडच आहे, फक्त खुरप्याऐवजी तराजू आलाय. काही गटांनी आपापसात आहेराच्या साड्या बंद केल्या. यावर मोठी वादावादी झाली, दोन घरं रुसली, अजून पुरती बोलत नाहीत. तरीही ठराव टिकला. पावसाच्या सुरुवातीला परसात शेवगा लावायचा ठराव मात्र कुणी वाद न घालता मान्य केला.

आणि एका गटानं बचतीच्या वहीत जमा, कर्ज, परतफेड यांच्या शेजारी एक रकाना आखला आहे. त्याला नाव दिलंय "जेवलीस का?" अध्यक्ष बाई हजेरी घेताना प्रत्येकीला विचारते आणि हो किंवा नाही लिहिते. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी "हो" म्हटलं. दुसऱ्या महिन्यात तिघींनी खरं सांगितलं. त्या दिवसापासून बैठकीला कुणी ना कुणी भाकरीचं फडकं घेऊन येते, आणि बचत मोजायच्या आधी ते सोडलं जातं.