ड्रायव्हर चार, माणसं पाचशे : हेंड्रिक मोटरस्पोर्ट्स ही रेसिंग टीम नेमकं कोण चालवतं?

२ नोव्हेंबर २०२५. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स शहर. नॅस्कार कप सिरीजची त्या वर्षातली शेवटची रेस संपायला अगदी मोजके लॅप उरले होते. डेनी हॅमलिन पुढे होता. साठ रेस जिंकूनही ज्याला एकदाही वर्षाचं विजेतेपद मिळालं नाही असा हा ड्रायव्हर, आणि आता ते हातात आल्यात जमा होतं.

तेवढ्यात विल्यम बायरनच्या गाडीचा टायर गेला. गाडी भिंतीला घासली, पिवळा झेंडा फडकला आणि सगळ्या गाड्या टायर बदलायला पिटमध्ये शिरल्या. हॅमलिनच्या टीमने चारही टायर बदलले. काइल लार्सनचा क्रू चीफ क्लिफ डॅनियल्स याने दोनच बदलायला सांगितले. दोन टायर म्हणजे गाडीची पकड कमी, पण पिटमधून सुटका लवकर. लार्सन पुढच्या गाड्यांमध्ये बाहेर पडला, हॅमलिन मागच्या गर्दीत अडकला. शेवटी लार्सन तिसरा आला, हॅमलिन सहावा आणि विजेतेपद लार्सनचं.

गंमत म्हणजे त्या रेसमध्ये लार्सन एक लॅपही आघाडीवर नव्हता. हा खिताब त्याला मिळवून दिला तो भिंतीपलीकडे हेडफोन लावून बसलेल्या माणसाच्या काही सेकंदांतल्या निर्णयाने.

लार्सन, डॅनियल्स आणि ज्याचा टायर गेला तो बायरन, तिघंही एकाच टीमचे. टीमचं नाव हेंड्रिक मोटरस्पोर्ट्स. कप सिरीजच्या इतिहासात सर्वाधिक रेस जिंकलेली ही टीम. २०२५ धरून वर्षाची १५ विजेतेपदं तिच्या खात्यात आहेत. टीव्हीवर दिसतात चार ड्रायव्हर. त्यांच्या मागे पाचशेहून जास्त माणसं काम करतात.

आधी थोडं नॅस्कारबद्दल

आपल्याकडे कार रेसिंग म्हटलं की फॉर्म्युला वन आठवतं. नॅस्कारचा मामला वेगळा आहे. इथे धावतात त्या 'स्टॉक कार', म्हणजे मुळात शोरूममध्ये विकायला ठेवलेल्या गाड्या. आता तसं नावापुरतंच उरलंय, आतून ती अस्सल रेसिंगची गाडीच असते. तरी बाहेरून शेवरले, फोर्ड, टोयोटाचा तोंडवळा राखलेला असतो. फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत गुणांच्या ३६ रेस होतात. म्हणजे जवळपास दर आठवड्याला परीक्षा.

एका टीमच्या चार गाड्या असल्या तरी प्रत्येक गाडीचा संसार वेगळा असतो. तिचा ड्रायव्हर वेगळा, क्रू चीफ वेगळा, इंजिनियर वेगळे. छतावर उभा राहून रेडिओवरून 'डावीकडे गाडी आहे, थांब' असं सांगणारा स्पॉटरही वेगळा. क्रू चीफ हा त्या गाडीचा खरा कारभारी. सस्पेन्शन कसं लावायचं, पिटमध्ये कधी यायचं, किती टायर बदलायचे, किती इंधन भरायचं, हे सगळं त्याच्या शब्दावर चालतं.

शेतकऱ्याचा मुलगा, गाड्यांचा डीलर

टीमचे मालक रिक हेंड्रिक यांचा जन्म १९४९ चा. व्हर्जिनियात वडिलांची तंबाखूची शेती होती, तिथेच ते वाढले. पोराला वेड मात्र गाड्यांचं. होतं नव्हतं ते विकून त्यांनी १९७६ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या बेनेट्सव्हिल या छोट्या गावातली शेवरलेची डीलरशिप घेतली. त्या वेळी ते अमेरिकेतले सर्वांत तरुण शेवरले डीलर होते. पुढे त्यातूनच हेंड्रिक ऑटोमोटिव्ह ग्रुप उभा राहिला.

रेसिंग टीम सुरू झाली १९८४ मध्ये, 'ऑल-स्टार रेसिंग' या नावाने. पूर्णवेळ माणसं पाच, जागा भाड्याची, ड्रायव्हर जेफ बोडिन आणि क्रू चीफ हॅरी हाइड. हाइड म्हणजे जुना, खमक्या माणूस. १९७० मध्ये त्यांच्या हाताखाली बॉबी आयझॅक विजेता झाला होता. या टीमकडे एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे प्रायोजक. सात रेस झाल्या, पैसा संपत आला आणि हेंड्रिक दुकान बंद करायच्या विचारात होते. हाइड यांनी गळ घातली की मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक बोडिनला मानवतो, तेवढी रेस होऊ द्या.

२९ एप्रिल १९८४ ला बोडिनने मार्टिन्सव्हिल जिंकलं. मालक त्या वेळी ट्रॅकवर नव्हतेच, पत्नीसोबत चर्चच्या कार्यक्रमाला गेले होते. निकाल त्यांना नंतर फोनवर कळला. टीम वाचली.

(टॉम क्रूझचा १९९० चा 'डेज ऑफ थंडर' पाहिला असेल, तर त्यातला रॉबर्ट ड्युवॉलने केलेला म्हातारा क्रू चीफ आठवा. ते पात्र हॅरी हाइडवरूनच सुचलेलं.)

पिटमध्ये खेळाडू आणणारा माणूस

१९९२ च्या शेवटी जेफ गॉर्डन हा कोवळा पोरगा टीमकडून पहिली कप रेस धावला. त्याचा क्रू चीफ होता रे एव्हरनहॅम. या माणसाने केलेल्या एका गोष्टीने पूर्ण खेळाची रीत बदलली.

तोवर पिटमध्ये टायर बदलायचे ते मेकॅनिकच. आठवडाभर गाडी खोलायची-जोडायची आणि रविवारी त्याच थकल्या अंगाने जॅक घेऊन पळायचं. एव्हरनहॅमच्या टीमने स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या अँडी पापाथनासिऊ याला पिट क्रूचा कोच म्हणून घेतलं. व्यायाम, सराव, प्रत्येक हालचालीचं चित्रीकरण सुरू झालं. पुढे तर कॉलेजचे खेळाडूच शोधून आणून त्यांना टायर बदलायला शिकवलं जाऊ लागलं. सुरुवातीला लोक हसले असतील, पण आज प्रत्येक मोठी टीम हेच करते. गॉर्डन-एव्हरनहॅम जोडीने १९९५, १९९७ आणि १९९८ ची विजेतेपदं घेतली. मधलं १९९६ चंही घरातच राहिलं, ते याच टीमच्या टेरी लाबोंटीने जिंकलं.

या मेहनतीचं फळ किती वर्षांनी मिळू शकतं बघा. २०२१ ची शेवटची रेस, ट्रॅक फिनिक्सचाच. लार्सन शेवटच्या पिट स्टॉपला चौथा आत आला आणि पहिला बाहेर पडला. तिथून त्याला कुणी गाठू शकलं नाही. म्हणजे लार्सनचं २०२१ चं विजेतेपद पिट क्रूच्या पायांनी आणलं आणि २०२५ चं क्रू चीफच्या डोक्याने.

मालकच कैदेत

हेंड्रिक यांची गोष्ट सांगताना एक भाग अनेकदा गाळला जातो. तो गाळणं बरोबर नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत होंडा कंपनीच्या अधिकाऱ्यांचं मोठं लाच प्रकरण उघडकीला आलं. जास्त खपाच्या गाड्या आणि नव्या डीलरशिप मिळाव्यात म्हणून डीलर या अधिकाऱ्यांना पैसे आणि भेटवस्तू देत होते. त्यात हेंड्रिक यांचंही नाव आलं. १९९७ मध्ये त्यांनी टपाल-फसवणुकीच्या एका आरोपात गुन्हा कबूल केला. अडीच लाख डॉलर दंड आणि वर्षभर घरातच कैद अशी शिक्षा झाली. त्याआधी १९९६ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं निदान झालं होतं, त्यामुळे हा सगळा काळ उपचारांचाही होता. डिसेंबर २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. माफी मिळाली म्हणून कबूल केलेला गुन्हा पुसला जात नाही, पण रेसिंगच्या जगाने तो फारसा मनावर घेतला नाही, हेही खरं.

मालक आजारी आणि कैदेत असताना टीम सांभाळली ती त्यांचे धाकटे भाऊ जॉन हेंड्रिक यांनी. १९९७ च्या डेटोना ५०० या वर्षातल्या सर्वांत मोठ्या रेसमध्ये तर पहिले तिन्ही क्रमांक हेंड्रिकच्या गाड्यांनी पटकावले. मालकाशिवाय टीम चालते, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

२४ ऑक्टोबर २००४

त्या रविवारी टीमचं छोटं विमान नॉर्थ कॅरोलिनातल्या कॉन्कर्डहून मार्टिन्सव्हिलच्या रेसला निघालं. धुक्यात ते व्हर्जिनियातल्या बुल माउंटन या डोंगरावर आदळलं. विमानातले दहाही जण गेले.

त्यात कोण होतं? टीमचे अध्यक्ष जॉन हेंड्रिक आणि त्यांच्या जुळ्या मुली. जनरल मॅनेजर जेफ टर्नर. टीम सुरू झाल्यापासून इंजिन बनवणारे रँडी डॉर्टन. आणि रिक यांचा एकुलता एक मुलगा रिकी, वय २४. रिकी स्वतः ड्रायव्हर होता, २००१ मध्ये कॅन्ससला ट्रक मालिकेतली एक रेसही त्याने जिंकली होती. दुखापतीनंतर तो मालकीच्या बाजूला वळला. त्याच्या देखरेखीखाली ब्रायन व्हिकर्सने २००३ मध्ये कपच्या खालोखालची मालिका जिंकली. वडिलांनंतर टीम त्याच्याकडेच जाणार, हे सगळे धरून चालले होते.

एका टीमचा अध्यक्ष, मॅनेजर, इंजिनचा प्रमुख आणि वारस, चौघंही एका दिवसात गेले. घर तर कोसळलंच, पण टीमचं सगळं वरचं फळीच नाहीसं झालं.

त्या दिवशी मार्टिन्सव्हिलची रेस हेंड्रिकच्याच जिमी जॉन्सनने जिंकली. बातमी त्याला रेस संपल्यावर सांगितली गेली. विजयाचा सोहळा झाला नाही. पुढच्याच रविवारी अटलांटाला टीम उतरली, गाड्यांच्या बॉनेटवर गेलेल्यांचे फोटो लावून. तीही रेस जॉन्सनने जिंकली. त्या वेळी सगळ्यांनी टोप्या उलट्या घातल्या, कारण रिकीला तशी सवय होती. त्या वर्षीचं विजेतेपद जॉन्सनच्या हातून फक्त ८ गुणांनी निसटलं.

मग टीम उभी कशी राहिली?

सगळी पोकळी बाहेरून माणसं आणून भरलेली नाही. टीमच्या आजच्या नेतृत्वाकडे पाहिलं की कळतं, बरेच जण खालून चढत वर आलेत.

जेफ अँड्र्यूज १९९२ मध्ये इंजिन विभागात आले, डॉर्टन यांच्या हाताखाली. आज ते टीमचे अध्यक्ष आणि जनरल मॅनेजर आहेत. चॅड नॉस १९९३ मध्ये पत्रा कापणारा-वाकवणारा कारागीर म्हणून गॉर्डनच्या गाडीवर लागला. मध्ये दुसरीकडे जाऊन आला आणि २००२ मध्ये जिमी जॉन्सनचा क्रू चीफ झाला. या जोडीने २००६ ते २०१० सलग पाच आणि पुढे २०१३, २०१६ अशी सात विजेतेपदं घेतली. सलग पाच तर त्याआधी कुणालाच जमली नव्हती. आता स्पर्धा विभागाचा उपाध्यक्ष म्हणून चारही गाड्यांचं काम तो बघतो. क्लिफ डॅनियल्सही आधी जॉन्सनच्याच गाडीवर इंजिनियर होता. चेस इलियटचा क्रू चीफ ॲलन गुस्टाफसन तर २००५ पासून या पदावर आहे.

नॉसचा एक किस्सा सांगायलाच हवा. २००६ च्या डेटोना ५०० आधी त्याच्या गाडीत बेकायदा फेरफार सापडला आणि नॅस्कारने त्याला घरी पाठवलं. त्याच्या जागी डॅरियन ग्रब हा इंजिनियर उभा राहिला आणि जॉन्सनने ती रेस जिंकली. २०२३ मध्येही तसंच झालं. बॉनेटवरच्या हवेच्या झडपांमध्ये छेडछाड केल्याबद्दल चारही क्रू चीफ चार रेससाठी निलंबित झाले, प्रत्येकी एक लाख डॉलर दंड. त्या निलंबनातच लार्सनने हंगामी क्रू चीफसोबत रिचमंड जिंकलं. दुसरी फळी किती तयार आहे ते यात दिसतंच. पण नियमाच्या अगदी कडेला जाऊन खेळायची सवयही दिसते, आणि हेंड्रिकच्या यशाची चर्चा करताना चाहते हे सोयीस्करपणे विसरतात.

आता पुढे कोण?

रिक हेंड्रिक पंचाहत्तरी ओलांडून गेलेत. ज्याच्या हाती कारभार द्यायचा तो मुलगा नाही. अशा वेळी २०२२ मध्ये जेफ गॉर्डन टीव्हीवरची समालोचनाची नोकरी सोडून टीमचा उपाध्यक्ष म्हणून परतला. टीममध्ये त्याची भागीदारी आधीपासून होतीच. प्रायोजक सांभाळणं, करार करणं, पुढची दिशा ठरवणं हे त्याचं काम. शर्यतीच्या बाजूचं नॉस आणि अँड्र्यूज पाहतात. पायऱ्या स्पष्ट आहेत, फक्त सगळ्यांत वरच्या खुर्चीवर अजून रिकच आहेत.

एप्रिल २०२४ मध्ये टीम चाळीस वर्षांची झाली म्हणून सगळे मार्टिन्सव्हिलला जमले. जिथे टीम वाचली तोही हाच ट्रॅक, आणि २००४ मध्ये विमान निघालं होतं तेही इथेच यायला. त्या दिवशी बायरन पहिला, लार्सन दुसरा, इलियट तिसरा.

त्याच्या आदल्या वर्षी नॉसने एक वेगळाच उद्योग केला होता. नॅस्कार, शेवरले आणि गुडइयरसोबत त्याने एक स्टॉक कार फ्रान्सच्या २४ तासांच्या 'ल मां' शर्यतीत नेली. चालवायला जॉन्सन, माइक रॉकनफेलर आणि फॉर्म्युला वनचा माजी विजेता जेन्सन बटन. नाजूक युरोपीय गाड्यांमध्ये हा धिप्पाड अमेरिकन डंपर काय करणार, असंच पाहणाऱ्यांना वाटत होतं. गाडीने २४ तास पूर्ण केले आणि ती ३९ वी आली. शर्यतीच्या आधी तिथे पिट क्रूंची एक स्पर्धा असते. बाकीच्यांच्या गाड्या हवेच्या दाबाने आपोआप उचलल्या जात होत्या, हेंड्रिकची पोरं जॅक खांद्यावर घेऊन पळत होती. आपल्या गटात पहिली तीच आली.