घाटाची वाट, गाडीची वाट

आमचं गाव घाटघर, जुन्नर तालुक्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला. एका अंगाला जीवधन किल्ला, दुसरीकडं नाणेघाट आणि घाटाखाली कोकण. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरात उतरलेला माल याच घाटानं जुन्नरला चढायचा. जकातीचं नाणं टाकायचा दगडी रांजण घाटमाथ्यावर अजून उभा आहे. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, त्यांची आता फक्त पावलं उरलीत. आमच्या गावाचा इतिहासही पावलांचाच. घोडे आणि बैल धन्यांचे. आमच्या वाडवडलांनी घाट पायीच चढला-उतरला.

म्हणून गावात दुचाकी कशी आली, हे मला लिहून ठेवावंसं वाटतं.

पुणे जिल्हा तसा दुचाकीचं माहेरघर. १९६० साली बजाजनं इटलीच्या पियाजिओशी करार केला आणि व्हेस्पा स्कूटर इथं बनू लागली. पुढं आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ साली ‘चेतक’ आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. त्याच साली फिरोदियांच्या कायनेटिकची लूना आली. चेतकसाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघत. लग्नाच्या बोलणीत ‘मुलाचा स्कूटरला नंबर लागलाय’ हेही सांगितलं जाई. पण हे सगळं पुण्याकडं. आमच्याकडं गाडी म्हणजे एसटी. ती चुकली की चालायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक. त्यांची शाळा गावापासून चार कोसांवर. १९८७ साली त्यांनी जुन्नरच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी स्कूटर घेतली. आईनं हिरड्याचे साठवलेले पैसे त्यात घातले. उन्हाळ्यात आम्ही सगळे रानात बाळहिरडा वेचायचो, वाळवायचो. म्हणजे त्या स्कूटरचं एखादं चाक तरी आईच्या ओंजळीतून आलेलं होतं.

स्कूटर घ्यावी की मोटारसायकल, यावर घरात आठवडाभर खल झाला होता. चुलते म्हणत, ‘राजदूत घ्या. दुधवाले दोन-दोन कॅन लावून नेतात, तिला काय हुईल?’ अण्णांचं म्हणणं वेगळं. स्कूटरला पुढं पाय ठेवायला फळी असते, तिथं तांदळाचं पोतं बसतं. पोरगं पुढं उभं राहतं. मागं स्टेपनी असते. आणि लुगडं नेसलेल्या बाईला त्यावर बसता येतं. हे शेवटचं कारण ते हळूच बोलले, पण खरं कारण तेच होतं.

ती स्कूटर सकाळी सहजासहजी उठायची नाही. अण्णा तिला उजवीकडं आडवी कलती करायचे, मग सरळ करून चोक ओढायचे आणि किका मारायचे. सातव्या-आठव्या किकेला निळा धूर सोडून ती फुरफुरायची. पेट्रोलात ऑइल मिसळावं लागायचं. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचं काम माझं, आणि त्याचा मला केवढा मान वाटायचा! दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली. बैलांच्या अंगावरून फिरतो तसा आजीचा हात तिच्यावरूनही फिरला.

सगळ्यात मोठं सुख उताराचं. उतार लागला की अण्णा पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचे. एकदम शांत. वाऱ्याचा आवाज, भातखाचरातलं पाणी, चावंडचा कातळ हळूहळू जवळ येणारा. मी पुढं उभा, आई मागं एका बाजूला बसलेली. ‘अशी गाडी मला आवडती,’ ती म्हणायची, ‘बोलत न्हाई.’

पण आमचा रस्ता स्कूटरचा नव्हता. तिची चाकं दहा इंची, इंजिन उजव्या अंगाला. पावसाळ्यात तांबड्या चिखलात ती रुतायची, कलंडायची. दोनदा अण्णा पडले, एकदा आईसकट. चार पावसाळे काढून अण्णांनी ती विकली आणि १९९१ साली हिरो होंडा सीडी १०० घेतली. १९८५ साली बाजारात आलेली ही मोटारसायकल फोर स्ट्रोक. ऑइल मिसळायला नको, तेल कमी प्यायची, अठरा इंची चाकं चिखलातून वाट काढायची. तिच्यासारख्या गाड्यांनी पुढं स्कूटरचं राज्य संपवलं, ते असल्या रस्त्यांमुळं आणि असल्या हिशेबानं.

आमचं जगणं बदललं. हिरडा गाडीवर जुन्नरला जाऊ लागला, भाव विचारूनच विकला जाऊ लागला. तापानं फणफणलेलं पोर तासाभरात दवाखान्यात पोचू लागलं. पूर्वी आजाऱ्याला झोळीत घालून न्यावं लागे. पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. गावाचं तोंड फिरलं. आधी सोयरीक, मीठ, सुकी मासळी सगळं घाटाखालचं. आता सगळं जुन्नरकडं, कारण गाडी तिकडं जाते. नाणेघाटाच्या पायऱ्या गाडी उतरत नाही.

आईचं माहेर घाटाखाली, वैशाखऱ्याच्या बाजूला. घाटानं उतरलं तर तीनएक तासांची वाट. गाडीनं जायचं तर जुन्नरला जाऊन माळशेज घाट उतरायचा, ऐंशी-नव्वद किलोमीटर.

१९९३चा पावसाळा. पहाटे मामाच्या गावचा माणूस घाट चढून आला. ‘आजोबांचं काय खरं न्हाई. ताईला बोलवलंय.’

अण्णांनी लगेच गाडी काढली. ‘बस मागं.’

आई म्हणाली, ‘तुम्ही पोराला घेऊन गाडीनं या. मी घाटानं उतरते.’

‘असल्या पावसात? दगड शेवाळलेत. पाय गेला म्हंजे?’

‘माझ्या पायाला ठाऊक हाय ती वाट.’

ती घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन त्या माणसाबरोबर निघाली. आम्ही गाडीनं. माळशेजमध्ये धुकं असं की पुढचं चाक दिसेना. मधे दरड आलेली. दगड हलवून वाट मोकळी होईस्तोवर एसटी, ट्रक, आम्ही, सगळे उभे. पोचायला दुपारचे दोन वाजले.

आई दहालाच पोचली होती. आजोबांनी तिला ओळखलं होतं, तिच्या हातचं दोन चमचे पाणी घेतलं होतं. आम्ही गेलो तेव्हा बाहेर बांबू बांधायचं काम चाललं होतं. अण्णा गाडीशेजारी कितीतरी वेळ उभे होते, हातात किल्ली. आई आमच्याशी त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. परततानाही ती घाटानंच चढून आली.

मी गाडीला दोष देत नाही. मी स्वतः आजही मोटारसायकलच वापरतो. सकाळी एका बटणावर ती चालू होते तेव्हा मला बरंच वाटतं. माझी सून बिनगिअरची स्कूटर चालवते. तिच्या डोक्यावरचं हेल्मेट बघून आजी असती तर काय म्हणाली असती, असं मनात येतं. अण्णांना आईसाठी जी गाडी हवी होती, ती अशी, चालवायलाही तिचीच. तिला यायला तीस वर्षं लागली.

आता नाणेघाटाच्या तोंडापर्यंत डांबरी आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं मोटारसायकली घेऊन येतात, रांजणाशेजारी फोटो काढतात. आईचे गुडघे गेले. घाट उतरणं संपलं. पण पावसाची उघडीप पडली की ती सुनेला म्हणते, ‘चल गं, जरा घाटापर्यंत.’ स्कूटरवर एका बाजूला बसून जाते, माथ्यावर उतरते आणि पदर सावरून कड्यापासून जरा अलीकडं बसते.

‘काय बघताय, आत्याबाई?’ सून विचारते.

‘काही न्हाई. आपली घरं बघती.’

धुकं हटलं तर खाली कौलं दिसतात. नाही हटलं, तरी ती तेवढाच वेळ बसते.