स्पिरुलिना आणि तूरडाळ

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मेक्सिकोत पोचले, तेव्हा तेथील अ‍ॅझ्टेक लोक टेस्कोको सरोवरातील हिरवे शेवाळ गाळून, वाळवून त्याच्या वड्या बाजारात विकत. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या कानेम्बू स्त्रिया आजही अशा वड्या करतात. त्यांना ‘दिहे’ म्हणतात. हीच स्पिरुलिना. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातही ती आपोआप वाढते.

वाळलेल्या स्पिरुलिनात सुमारे ६० टक्के प्रथिने असतात. त्यामुळे कुपोषणावर रामबाण औषध सापडले, असे अनेकांना वाटले. वर्गात हिशोब मांडून पाहा: २ ग्रॅम भुकटीत प्रथिने जेमतेम सव्वा ग्रॅम, म्हणजे पाच-सहा ग्रॅम तूरडाळीएवढी! डाळीची जागा ती घेणार कशी? चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने १९९०च्या सुमारास तमिळनाडूतील खेड्यांत बालकांना ती दिली, तेव्हा भर होता बीटा-कॅरोटीनवर. त्यापासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनते आणि त्यासाठी रोजची चिमूटभर भुकटीही उपयोगी पडते.