उसाच्या वाटेनं उत्तरेकडे

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेत थंडी पडू लागली की निवृत्त माणसं गाडीला कॅराव्हॅन जोडतात आणि ऊन शोधत उत्तरेला निघतात. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यानं ब्रिस्बेनहून केर्न्सला जाणारा ब्रूस हायवे जवळपास १,७०० किलोमीटरचा आहे. मे ते सप्टेंबर त्यावर पांढऱ्या कॅराव्हॅनांची वर्दळ असते. लेकीकडे ब्रिस्बेनला मुक्काम हलवल्यापासून आम्ही दोघंही त्या वर्दळीतलेच. बाकीची मंडळी प्रवाळ बघायला, मासे धरायला, पाऊसवनात हिंडायला येतात. आमचे डोळे मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या उसावर. ह्यांची सगळी नोकरी नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून झाली. मी त्याच कारखान्याच्या तळावर, ऊसतोड्यांच्या कोप्यांना लागून असलेल्या साखरशाळेत शिकवत होते.

इथला गळीत हंगाम जूनच्या सुमाराला सुरू होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात आटपतो, म्हणजे आपल्याकडे गव्हाणीत मोळी पडते त्याच वेळेला. आम्ही उत्तरेला निघतो तेव्हा उसाला तुरे आलेले असतात आणि रुळांच्या फाटकांवर लाल दिवे लुकलुकत असतात. इथे ऊस बैलगाडीनं किंवा ट्रॅक्टरनं येत नाही. जेमतेम दोन फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी आगगाडी तो कारखान्यात नेते. अशा रुळांचं सुमारे ४,००० किलोमीटरचं जाळं या किनाऱ्यावर आहे. फाटकावर गाडी थांबली की हे डबे मोजायला लागतात आणि डब्यातल्या कांड्यांवर माती किती, पाचट किती, हे मला सांगत बसतात.

हिवाळ्यात या किनाऱ्यानं उत्तर गाठायची रीत पेन्शनरांच्या आधी ऊसतोड्यांची होती. हंगाम लागला की टोळ्या वर यायच्या, पाच-सात महिने बराकीत राहून ऊस तोडायच्या आणि हंगाम संपला की खाली शहरांत उतरायच्या. रे लॉलर यांचं ‘समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल’ हे १९५५ साली मेलबर्नमध्ये रंगभूमीवर आलेलं नाटक अशाच दोन तोड्यांचं आहे. हंगाम संपवून ते मेलबर्नला येतात तेव्हाचे त्यांचे दिवस त्यात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या रंगभूमीवरचं ते एक मोठं नाटक मानलं जातं. आपल्याकडे बीडच्या पाटोदा-आष्टीहून ऊसतोडीला निघणाऱ्या बिऱ्हाडांना मराठी रंगभूमीनं तेवढी मध्यभागी जागा अजून दिलेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

पण टोळ्यांच्याही आधी या उसात दुसरे हात होते. बंडाबर्गजवळ मॉन रेपो नावाचा किनारा आहे. उन्हाळ्यात तिथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात आणि ती बघायला गर्दी लोटते. हिवाळ्यात किनारा मोकळा असतो. त्याच भागात काळ्या दगडांचा एक लांब बांध उभा आहे. माती नाही, चुना नाही, दगडावर दगड बसवलेला. दख्खनमधल्या माणसाला तो दगड लगेच ओळखू येतो, आपलाच तो बसाल्ट. १८८० च्या दशकात उसासाठी जमीन साफ करताना निघालेले दगड उचलून हा बांध रचला, तो पॅसिफिकमधल्या बेटांवरून आणलेल्या मजुरांनी.

बेटांवरून मजूर आणणं सुरू झालं १८६३ मध्ये. रॉबर्ट टाउन्स या व्यापाऱ्यानं आपल्या कापसाच्या मळ्यासाठी ‘डॉन हुआन’ जहाजातून ६७ बेटकरी आणले. पुढे टाउन्सव्हिल या शहराला त्याचंच नाव मिळालं, आणि ते आजही आहे. कापूस फार टिकला नाही, ऊस टिकला. १९०४ पर्यंत आजच्या व्हानुआतू, सॉलोमन वगैरे बेटांवरून सुमारे ६२,००० जणांना इथे आणलं गेलं. सुरुवातीला कित्येकांना फसवून, काहींना सरळ पळवून. नंतर तीन वर्षांचा करार आणि वर्षाला सहा पौंड मजुरी, अशी पद्धत बसली. हिंदुस्थानातून मजूर आणण्यासाठीही क्वीन्सलँडनं १८६२ मध्ये कायदा केला होता. तो अमलात आला नाही, आणि आपली माणसं फिजीच्या उसात गेली.

बेटकऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण फार होतं. आल्या आल्या पहिल्या वर्षात, अंगाला सवय नसलेल्या रोगांनी, तरणीताठी माणसं जायची. मेलेल्यांची उरलेली मजुरी सरकारी निधीत जमा व्हायची, बेटावरच्या घरापर्यंत ती क्वचितच पोचायची. पुढे याच निधीतला पैसा जिवंत बेटकऱ्यांना देशाबाहेर धाडण्याच्या खर्चासाठी वापरला गेला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मुकादमाच्या वहीतली आगाऊ उचल आठवली. हंगामात माणूस दगावला तरी वहीतला आकडा त्याच्या बायको-पोरांच्या नावावर पुढच्या सालात जायचा. माझ्या वर्गातल्या मुलांची घरं तशाच आकड्यांवर चालत होती.

बेटकऱ्यांना परत धाडायचं कारण काय, हे मकायला नीट उलगडतं. बंडाबर्गहून वर आलं की मकाय लागतं. हे सगळं खोरंच उसाचं. १८८५ मध्ये सरकारनं इथे एक नवी गोष्ट केली. तोवर कारखाना मळेवाल्याचा असे. जमीन त्याची, ऊस त्याचा, चरकही त्याचाच. सरकारनं छोट्या शेतकऱ्यांना एकत्र येऊन स्वतःचा कारखाना काढण्यासाठी ५०,००० पौंड कर्जाऊ दिले, आणि शेतकऱ्यांनी जमिनी तारण ठेवल्या. त्यातून रेसकोर्स आणि नॉर्थ ईटन हे दोन मध्यवर्ती कारखाने उभे राहिले. १८९३ च्या कायद्यानं ही सोय सगळ्या किनाऱ्याला मिळाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला तो १९५० मध्ये, म्हणजे मकायच्या या कारखान्यांनंतर साठ-पासष्ट वर्षांनी. रेसकोर्स अजून चालू आहे. त्याच्या कुंपणाबाहेर गाडी लावून हे चिमणीचा धूर बघत किती तरी वेळ उभे होते. मळीचा तो आंबूस-गोड वास आला आणि मलाही आमच्या कॉलनीत असल्यासारखं झालं.

पण या सहकाराला एक काळी बाजू होती आणि ती झाकून त्याचं कौतुक करणं मला पटत नाही. छोटा गोरा शेतकरी उभा करायचा तो मळेवाला आणि त्याचे काळे मजूर यांना पर्याय म्हणून, हे सरकारच्या मनात पहिल्यापासून होतं. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि पहिल्याच वर्षात कायदा आला. १९०४ नंतर बेटांवरून नवा मजूर आणायचा नाही आणि १९०६ संपल्यावर जे उरतील त्यांना परत धाडायचं. गोऱ्यांच्या हातांनी पिकवलेल्या उसाला वर पैसे मिळू लागले. मकायच्या बेटकऱ्यांनी संघटना काढली, अर्ज केले, आमची लेकरं इथेच जन्मली म्हणून सांगितलं. थोड्यांना राहायला मिळालं, हजारोंना जहाजात बसवण्यात आलं. जे राहिले त्यांचे वंशज आज मकायमध्ये मोठ्या संख्येनं आहेत. केंद्र सरकारनं त्यांना वेगळा समाज म्हणून मान्यता दिली ती १९९४ मध्ये. बंडाबर्गच्या महापौरांनी शहरातर्फे जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये.

मकायच्या पुढे बर्डेकिनचं खोरं. इथे ऊस पाण्यावर घेतात, त्यामुळे तो जाडजूड आणि लोळलेला, आणि तोडण्याआधी अजूनही पेटवतात. संध्याकाळी वारा पडला की शेताच्या कडेनं आग लावतात. काही मिनिटांत ज्वाळा उसाच्या दुप्पट-तिप्पट वर जातात आणि तेवढ्याच लवकर विझतात. मागे काळी कांडी उभी राहते. सकाळी कॅराव्हॅनच्या छतावर, ऑनिंगवर, दोरीवरच्या माझ्या साडीवर काळी राख पडलेली असते. गावकरी तिला बर्डेकिनचं हिम म्हणतात.

उभा ऊस जाळून तोडायची ही रीत कशी पडली, त्याची हकिकत पुढच्या इंगम-टली-इनिसफेल पट्ट्यातली आहे. इथे पाऊस धो धो. टलीत एका वर्षात, १९५० मध्ये, ७.९ मीटर पाऊस पडला आणि त्याची आठवण म्हणून गावानं तेवढ्याच उंचीचा सोनेरी गमबूट उभारला आहे. ओल्या उसात उंदीर फार आणि उंदरांच्या मुतातून येणारा आजारही फार. मुंबईच्या पुरानंतर आपण ज्याला लेप्टो म्हणायला लागलो, तोच हा आजार. १९३० च्या दशकात इथे तोडे तापानं, काविळीनं मरू लागले. हातापायांना पाचटानं चिरे पडलेले, त्यातून रोग आत शिरायचा. तोड्यांचं म्हणणं साधं होतं: ऊस आधी जाळा, म्हणजे उंदीर जातील. जाळलेल्या उसाचं वजन घटतं, साखर लवकर उतरते, म्हणून कारखान्यांना ते नको होतं. १९३४ मध्ये इंगमकडे संप झाला. १९३५ मध्ये इनिसफेल-टली भागात त्याहून मोठा संप झाला आणि तो कित्येक आठवडे चालला. तोड्यांची मोठी संघटनाच संपाच्या विरोधात होती. संपकऱ्यांच्या बायकांनी सामायिक स्वयंपाकघरं चालवून माणसं जगवली. संप मोडला. पण त्यानंतर थोड्याच काळात औद्योगिक न्यायालयानं या भागात ऊस जाळूनच तोडायचा हे मान्य केलं. जीन डेव्हॅनी यांनी या संपावर ‘शुगर हेवन’ ही कादंबरी लिहिली, ती १९३६ ची.

संपकऱ्यांत इटालियन पुष्कळ होते. त्यांची पहिली मोठी तुकडी १८९१ मध्ये जहाजानं आली होती. तोडे म्हणून यायचं, पैसा साठवायचा, जमीन घ्यायची आणि पुढच्या वर्षी गावाकडचा भाऊ बोलावून घ्यायचा. इनिसफेलच्या नदीकाठी त्यांच्या समाजानं १९५९ मध्ये गावाला भेट दिलेला ऊसतोड्याचा संगमरवरी पुतळा आहे. हातात कोयता घेतलेला एकटा पुरुष. इथल्या टोळ्या पुरुषांच्याच असत, त्यांच्यासोबत स्वयंपाक्या असे. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. पहाटे तीनला भाकरी थापून शेतात गेलेली बाई बांधावर झोळी टांगते. पाळण्यातलं मूल सांभाळायला थांबलेली सात वर्षांची थोरली शाळेत येत नाही. मी किती तरी मुलींना कोपीतून हाताला धरून वर्गात आणलं आहे, त्यांच्या कडेवरच्या भावंडांसकट.

इनिसफेलच्या कॅराव्हॅन पार्कात एक ऐंशी पार केलेले इटालियन गृहस्थ आमच्या शेजारी होते. तरुणपणी त्यांनी हातानं ऊस तोडला होता. मी त्यांना पिठलं-भाकरी दिली. त्यांनी ह्यांना वाकून, मान तिरकी करून, बुडख्याशी घाव कसा घालायचा ते करून दाखवलं. यंत्र आलं तेव्हा काय झालं, असं मी विचारलं. ते म्हणाले, कुणी रडलं नाही, दुसरी कामं होती. मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. महायुद्धानंतर तोडायला माणसं मिळेनाशी झाली होती, कारण टनावरची मजुरी चांगली असूनही त्याहून सोपी कामं खाणींत, शहरांत मिळत होती. मजूर महागला म्हणून बंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंसारख्यांनी यंत्रं बनवली. सत्तरच्या दशकाअखेर हातानं तोडलेला ऊस जवळपास दिसेनासा झाला. पुढे यंत्र हिरवा ऊसही तोडू लागलं आणि या पावसाळी पट्ट्यात आगी थांबल्या, पाचट शेतातच पसरू लागलं.

टॉफ्टांच्या त्या कंपनीचं ऑस्टॉफ्ट हे नाव आता महाराष्ट्रातल्या शेतांतही यंत्रावर दिसतं. यंत्राला माझा विरोध नाही. तो कोयता कुणाच्याही लेकीच्या हाती नको, असंच मी जन्मभर म्हणत आले. पण इथे आधी मजुराला दाम मिळाला, मत मिळालं, दुसरं काम मिळालं आणि मग यंत्र आलं. बीडच्या माणसाच्या दारात यंत्र येतंय ते यातलं फारसं काही त्याच्याकडे नसताना. कारखाने, सरकार आणि आम्ही कॉलनीत राहून पगार घेतलेली माणसं, सगळ्यांवर ते त्याला मिळवून देण्याची जबाबदारी आहे.

आमचा वरचा मुक्काम मॉसमनला असतो. डोंगर, पाऊसवन आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ऊस. ही भूमी मूळची कुकु यलांजी लोकांची. इथला कारखाना १८९३ च्या त्याच कायद्याखाली, शेतकऱ्यांच्या तारण जमिनींवर उभा राहिला आणि १८९७ मध्ये त्याचं पहिलं गाळप झालं. २०२३ चा हंगाम त्याचा शेवटचा ठरला. पुढच्या वर्षी इथला ऊस ट्रकांनी दूर गॉर्डनवेलच्या कारखान्यात न्यावा लागला. त्या वाहतुकीला सरकारनं पैसे दिले तेव्हा कुठे तो गेला.

इथे प्रत्येक शेतकऱ्याच्या उसातली साखर वेगळी तपासून त्यावर भाव ठरतो. हे ह्यांना नेहमी फार न्याय्य वाटत आलं, कारण आपल्याकडे उतारा साऱ्या कारखान्याचा एकच धरतात. पण ट्रकात ताटकळलेल्या उसातली साखर घटते, मग नेमकी तपासणीही शेतकऱ्याच्या काय कामाची? रुळांच्या कडेला एका शेतकऱ्याशी ह्यांचं यावर बराच वेळ बोलणं झालं. त्याच्या आजोबांनी कारखान्यासाठी जमीन गहाण टाकली होती. तो आता अर्ध्या रानात गवत करून गुरं सोडायच्या विचारात होता. ह्यांनी त्याला नगरकडच्या बंद पडलेल्या कारखान्यांची नावं सांगितली, कुठल्याची जमीन विकली आणि कुठल्याचे कामगार पगारासाठी अजून खेटे घालताहेत तेही सांगितलं. त्यानं खिशातून कागद काढला आणि ती नावं इंग्रजीत कशी लिहायची ते विचारून एकेक उतरवून घेतली.