‘शॅल’ : एका क्रियापदाचे देणे

इंग्रजी कायद्याच्या भाषेत ‘शॅल’ या सहायक क्रियापदाइतका वाद क्वचितच दुसऱ्या शब्दाने ओढवून घेतला असेल. आम्ही वकील त्याचा अर्थ नित्य लावीत असतो. परंतु त्याचा पूर्वेतिहास पाहिल्यावाचून सीमाभागातील आपल्या हक्कांचे मर्म पुरते उमगत नाही.

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘देणे लागणे’ असा होता. जर्मन भाषेतील ‘शुल्ड’, म्हणजे ऋण किंवा अपराध, हा शब्द त्याच कुळातला. ऋणातून कर्तव्याचा आणि कर्तव्यातून भविष्यकाळाचा अर्थ निघाला. १६५३ साली जॉन वॉलिस यांनी आपल्या लॅटिन ग्रंथात इंग्रजीचा नियम घालून दिला : प्रथमपुरुषी ‘शॅल’ हे केवळ भाकीत, द्वितीय व तृतीय पुरुषी मात्र ते वचन किंवा धमकी. कायदा प्रायः तृतीय पुरुषातच बोलतो. तेथे ‘शॅल’ म्हणजे बंधन आणि ‘मे’ म्हणजे मुभा, अशी वाटणी रूढ झाली.

न्यायालयांनी मात्र ती सरसकट मानली नाही. १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की अनुच्छेद ३२० मध्ये ‘शॅल’ असले तरी लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याची ती तरतूद निदेशात्मक आहे, अनिवार्य नव्हे. अमेरिकेने तर २००७ साली संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतून हा संदिग्ध शब्दच वगळला.

आता आपला अनुच्छेद ३५० अ पाहू. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, हा त्याचा हेतू. त्यात ‘शॅल’ आहे. पण ते सोयींना नव्हे, राज्याच्या ‘प्रयत्ना’ला जोडलेले आहे. राष्ट्रपतींनी राज्याला निदेश देण्याच्या ठिकाणी तर ‘मे’ आहे. एका उपवाक्यात बंधन शिथिल झाले, पुढच्यात ते मुभेवर सोपविले गेले.

म्हणून हताश व्हावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. प्रयत्न करणे हे तरी राज्याचे कर्तव्य उरतेच. तेव्हा आपल्या अर्जांत केवळ ‘शाळा द्या’ असे लिहून थांबू नये. कोणता प्रयत्न केला, केव्हा केला आणि तो का फसला, याचा लेखी हिशेब मागावा. ‘शॅल’चा मूळ अर्थच देणे लागणे असा आहे, आणि ऋणकोकडे हिशेब मागण्याचा धनकोचा अधिकार कोणत्याही भाषेत संदिग्ध नाही.