धाव ढिली होते तेव्हा

लहानपणी लोहाराकडे बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलंय. लोखंडी धाव मुद्दाम चाकापेक्षा थोडी लहान करायची. गोवऱ्यांच्या आगीत तापवली की ती फुगते. मग चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती लाकडाला करकचून आवळते. पण उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसलं की धाव ढिली व्हायची, वाजायला लागायची. मग गाडीवान चाकं पाण्यात ठेवायचा. लाकूड फुगलं की पुन्हा घट्ट!

रेल्वेने हीच युक्ती पोलादात वापरली. वाफेच्या इंजिनाच्या चाकावरचा टायर साधारण हजारात एक भाग लहान ठेवत, म्हणजे एक मीटरच्या चाकाला जेमतेम १ मिलिमीटर. उतारावर सतत ब्रेक लागले की टायर आधी तापतो, फुगतो आणि पकड सुटते. झिजून पातळ झाला तरी तेच. म्हणून चाक आणि टायर यांच्यावर मिळून एक रंगाची रेघ ओढायची पद्धत पडली. रेघेचे दोन तुकडे एका ओळीत नाहीत, म्हणजे टायर सरकला. साधी रेघ, पण तिने किती जीव वाचवले असतील!

आसावर दाबून बसवलेलं चाक जास्त फसवं. प्रत्येक फेऱ्यात आस किंचित वाकतो, सांध्याच्या कडेला अतिशय बारीक घासाघीस होते. गेरूसारखी भुकटी सुटते आणि तिथेच तडा धरू शकतो. आतली पकड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चाक बसवताना किती जोर लागला, ते लिहून ठेवतात. जोर कमी लागला तर सांधा ढिला, फार लागला तर आतला पृष्ठभाग खरवडल्याची शंका.

जुलै २०२४ मध्ये जपानच्या शिन-यामागुची स्थानकात मालगाडी घसरली, आस तुटलेला सापडला. नंतर उघड झालं की जेआर फ्रेटच्या कारखान्यांत जोराचे आकडे मर्यादेबाहेर गेले की कागदावर बदलले जात होते. ११ सप्टेंबरला कंपनीला सगळ्या मालगाड्या काही काळ थांबवाव्या लागल्या. घसरण्याचं कारण हेच, असं मी म्हणत नाही. पण खोटी नोंद म्हणजे पुसलेली रेघच की!

ढिली धाव निदान वाजायची. कागद वाजत नाही. म्हणून पूल असो, पाळणा असो की एसटी, ‘तपासणी झाली’ एवढ्यावर गप्प बसू नका. आकडा किती आला आणि तो कोणी लिहिला, हे विचारा.